बिलावर ओक, खड्ड्यात भलतंच: जुळे सोलापुरातलं एक प्रकरण

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीचे चेअरमन घरी आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पिवळी पडलेली एक डहाळी, आणि शर्टाच्या खिशात घडी घातलेलं बिल.

"सर, हे जरा बघा की. ओक आहे. मरायलंय."

मी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे आमच्या भागात कुणाची तुळस वाळली तरी माझ्याकडे येते. डहाळी टेबलावर ठेवली आणि आधी बिल वाचलं. 'ओक, ३६ नग, दर १८०, एकूण ६,४८०. वाहतूक वेगळी.' खाली नर्सरीचा शिक्का. नर्सरी सोलापूरची नव्हे; ती कुठली आणि सोसायटीचं नाव काय, हे इथे लिहीत नाही. सोसायटीच्या नावातच ओक आहे, एवढं मात्र सांगितल्याशिवाय प्रकरण कळायचं नाही. बिल्डरने इंग्रजी नाव दिलं, माहितीपत्रकावर डेरेदार झाडाचा फोटो छापला, लोकांनी फ्लॅट घेतले. चार वर्षांनी नवी कमिटी आली आणि कुणीतरी विचारलं, नावात ओक आहे तर आवारात का नाही? प्रश्न चुकीचा म्हणता येणार नाही. जूनमध्ये फोनवर ऑर्डर गेली, पहिला पाऊस झाल्यावर टेम्पो आला, गेटपासून क्लबहाऊसपर्यंत दोन्ही बाजूंनी खड्डे घेऊन छत्तीस रोपं लागली. प्रत्येकासमोर पत्र्याची पाटी: 'ओक'. मंडळींचा उत्साह दांडगा. एका सभासदाने तेव्हाच विचारलं होतं म्हणे, "ओक हे तर आडनाव ना हो?" त्याला सगळे हसले.

सप्टेंबरपर्यंत नऊ रोपं गेली होती. उरलेल्यांची शेंड्याकडची पानं पिवळी. कमिटीचं म्हणणं, नर्सरीवाल्याने रोगट माल गळ्यात मारला. नर्सरीवाल्याचं म्हणणं, सोलापूरच्या उन्हाला आणि मातीला आम्ही काय करणार. चेअरमन ग्राहक आयोगात जायच्या तयारीत होते आणि त्यांना माझ्याकडून हवा होता एक कागद: रोप रोगट होतं असा.

तो कागद मी दिला नाही. कारण डहाळी उलटी केली आणि लक्षात आलं की मुळात हा ओकच नव्हता.

पानाची मागची बाजू

ओकचं पान एकसंध असतं. माहितीपत्रकावरचा जो फोटो होता तो इंग्लंडातल्या ओकचा, त्याच्या पानाला कडेने गोलसर वळणं असतात, जणू कुणी कात्रीने लाटा कापल्यात. आपल्या हिमालयातल्या बांज ओकच्या पानाला अशी वळणं नसतात, कडेला करवतीसारखे दाते असतात. पण दोन्हीकडे पान एकच, अखंड. चेअरमननी आणलेली डहाळी म्हणजे नेच्याची फणी. एका पानाचे कितीतरी बारीक भाग, प्रत्येक भाग पुन्हा चिरलेला, वरून गडद हिरवा आणि मागून चंदेरी. बोट फिरवलं की मखमल लागते. हा सिल्व्हर ओक.

"म्हणजे ओकच की सर, सिल्व्हर जातीचा," चेअरमन म्हणाले.

इथेच सगळी गोम आहे. सिल्व्हर ओक ही ओकची जात नाही. त्याचं शास्त्रीय नाव ग्रेव्हिलिया रोबस्टा, कुळ प्रोटिएसी. मॅकाडेमियाचा सुकामेवा ज्या झाडाला येतो ते त्याचं भावकीतलं. मूळ गाव पूर्व ऑस्ट्रेलिया: क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सचा उत्तर भाग. खरा ओक म्हणजे क्वेर्कस, कुळ फॅगेसी, त्यात चेस्टनट आणि बीच ही झाडं येतात. या दोन कुळांचं नातं आंबा आणि ऊस यांच्याइतकं लांबचं नसेल, पण शेजारी बसवावं इतकं जवळचंही नाही. ऑस्ट्रेलियात उतरलेल्या इंग्रजांनी लाकूड कापून बघितलं, त्यात ओकच्या लाकडासारखे चमकदार पट्टे दिसले, आणि नाव ठेवून मोकळे झाले. त्यांची ही सवयच. कोकणात किनाऱ्यावर जो सुरू लावतात त्यालाही तिकडे 'शी-ओक' म्हणतात. अमेरिकेत 'पॉयझन ओक' म्हणून एक झुडूप आहे, ते तर आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं; अंगाला लागलं की बिब्ब्यासारखंच उततं. घराची आठवण येते तिथे माणूस ओळखीची नावं लावत सुटतो. पुण्यामुंबईच्या मुलांनी अमेरिकेत घराला 'सह्याद्री' नाव द्यावं तसंच.

सिल्व्हर ओक भारतात आला तो चहा-कॉफीच्या मळ्यांत सावली धरायला. नीलगिरीत, कोडगूत तो रांगेने दिसतो, अंगावर मिरीचे वेल चढवलेले. झटपट वाढतो, सरळ वाढतो, म्हणून शहरांत रस्त्याकडेला लावला गेला. आपल्याकडच्या नर्सऱ्यांमध्ये त्याला नुसतं 'ओक' म्हणायची पद्धत पडली आहे. त्यामुळे नर्सरीवाल्याने मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही. पण ज्याचा धंदाच झाडं विकायचा, त्याने बिलावर पूर्ण नाव लिहायला हवं, या बाबतीत मी त्याला माफ करायला तयार नाही. कापडाच्या दुकानदाराने टेरिकॉटला सुती म्हटलं तर सोलापूरकर ऐकून घेईल का?

कमिटीलाही मी एक विचारलं: ऑर्डर देताना झाडाबद्दल काय विचारलंत? दर आणि उंची, एवढंच. "चार फुटी पाहिजेत म्हणून सांगितलं होतं."

केवडा

नाव काहीही असो, रोपं मरत होती हे खरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघितलं. सोसायटीचे माळीमामा मूळचे अक्कलकोट तालुक्यातले, शेती विकून शहरात आलेले. त्यांनी एका वाक्यात निदान केलं.

"सर, केवडा पडलाय ओ ह्याला. आमच्या उसाला पडायचा तसाच."

बरोबर होतं. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. ही लोहाची कमतरता. माती तपासून घेतली तर सामू (पीएच) ८.४ आला, म्हणजे माती अल्कधर्मी. सोलापूरची काळी माती मुळातच चुनखडीची, आणि या खड्ड्यांत तर बांधकामाचा राडारोडा भरला होता: सिमेंटची ढेकळं, चुन्याची खपली, फरशीचे तुकडे. अशा मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. वर सिल्व्हर ओक हा हलक्या, निचऱ्याच्या, जरा आंबट मातीतला प्राणी. पावसात आपली काळी माती फुगून बसते, पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही.

तिसरी गोष्ट विचारल्यावर कळली. झाडं पिवळी पडताहेत म्हणून कमिटीने माळीमामांना डीएपी या स्फुरद (फॉस्फरस) असलेल्या खताची गोणी आणून दिली होती, आणि दर पंधरवड्याला मूठमूठ टाकायला सांगितलं होतं. तीनदा टाकून झालं होतं. प्रोटिएसी कुळातली झाडं स्फुरद अत्यंत कमी असलेल्या मातीत वाढायला शिकलेली आहेत. त्यांना जादा स्फुरद झेपत नाही. शिवाय स्फुरद वाढलं की लोह आणखी अडतं. म्हणजे उपाशी माणसाला जेवण द्यायचं म्हणून त्याचं तोंडच बांधून टाकलं. माळीमामांना हे नको वाटत होतं, पण "कमिटीने सांगितलंय म्हटल्यावर मी कोण," असं ते म्हणाले. सोसायटीत माळ्याचं ऐकायची रीत नसते.

इलाज साधा होता. डीएपी बंद. खड्ड्यांभोवती चर काढून राडारोडा उपसला, मुरूम आणि कुजलेलं शेणखत भरलं. पाण्याला उतार दिला. आणि हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम, त्यात लिंबू पिळून पानांवर फवारणी, दहा दिवसांच्या अंतराने तीनदा, उन्हं उतरल्यावर. हिराकस दोन किलोंच्या पिशवीत आणली. निम्मीसुद्धा संपली नाही. उरलेली मीटर रूममध्ये पडून राहिली. पुढे तिचा उपयोग होणार होता, तो मात्र झाडांसाठी नव्हे.

दिवाळीपर्यंत नव्या पालवीला रंग आला. तरी त्या हिवाळ्यात आणखी पाच गेली. बावीस उरली.

मग खरा ओक लावू

नोव्हेंबरच्या मीटिंगला मला बोलावलं. मी जे वर लिहिलं तेच सांगितलं. शांतता. मग सेक्रेटरी म्हणाले, "ठीक आहे सर, हा खोटा. मग खरा आणू."

मी सांगितलं, येणार नाही. खरा ओक भारतात हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत आहे. दख्खनच्या पठारावर, सह्याद्रीत, दक्षिणेत कुठेही तो आपणहून उगवत नाही. जगात ओकच्या साडेचारशेच्या आसपास जाती, बहुतेक उत्तर गोलार्धातल्या, सगळ्यांत जास्त मेक्सिको आणि चीनमध्ये. आपल्याकडचा सगळ्यांत ओळखीचा म्हणजे बांज: साधारण १,२०० ते २,३०० मीटर उंचीवर, वर्षाला हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे. त्याच्याही वर तिलौंज, आणि बर्फाच्या जवळ खरसू. सोलापूर साडेचारशे मीटरवर, पाऊस बेभरवशाचा, आणि मे महिन्यात पारा चव्वेचाळिसाला टेकतो.

पण सेक्रेटरींचा मुलगा फौजेत, नेमणूक रानीखेतला. जानेवारीत पार्सल आलं: चाळीस बिया, फौजीने स्वतः वेचलेल्या. ओकचं बी दिसायला गोड असतं, खालच्या बाजूला खवल्यांची वाटी, जणू बाळाला कुंची बांधली आहे. मुलांनी पाच-सहा वाट्या काढून बोटांवर घातल्या. मला अंदाज होता काय होणार त्याचा, पण 'होणार नाही' हे सांगून कुणाला पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही करून बघायचं होतं. इतकी वर्षं फळ्यावर ओक काढला, हाताने कधी पेरला नव्हता.

पहिली परीक्षा पाण्याची. बिया बादलीत टाकल्या, तेवीस तरंगल्या. तरंगणारी बी बहुधा आतून पोकळ किंवा वाळलेली. दोन-चार फोडल्या, तर आतून पांढरी गुबगुबीत अळी निघाली. तिच्या आईने, सोंडेच्या भुंग्याने, बी हिरवी असतानाच भोक पाडून अंडं घातलेलं. शिवाय ओकच्या बियांचा स्वभाव ज्वारी-बाजरीसारखा नसतो. ज्वारी कणगीत वर्षभर ठेवा, पेरली की उगवते. ओकची बी वाळली की मेली. पार्सल नऊ दिवस वाटेत होतं.

सतरा बुडाल्या. त्या पालापाचोळ्याच्या खतात, उंच पिशव्यांत, दुहेरी शेडनेटखाली लावल्या. सहा उगवल्या. इथे एक गोष्ट जवळून बघायला मिळाली. जमिनीवर काहीच दिसत नव्हतं तेव्हा एक पिशवी अधीरपणे मी उचलली, तर तळाच्या भोकातून पांढरं मूळ बाहेर आलेलं. पिशवी एक फुटाची. म्हणजे वर एक पान नाही आणि खाली मूळ फूटभर. हे झाड आधी पाण्याची सोय बघतं, मग उजेडाकडे वळतं. पानं आली ती तांबूस, मऊ, मागून पांढऱ्या लवेची.

मार्चमध्ये सहापैकी दोघांच्या पानांच्या कडा करपल्या. एप्रिलच्या मध्यावर तीन उरली. आपण म्हणतो ऊन लागलं. पण शेडनेटखाली ऊन नव्हतं. मला वाटतं मारलं ते रात्रीने. दिवसभर तापलेल्या भिंती रात्रभर उष्णता सोडत राहतात. पहाटे चारलासुद्धा हवा गार होत नाही. कोरड्या गरम हवेत पानांतून पाणी जातच राहतं, इवलं मूळ कुठवर पुरवणार? आणखी एक उणीव होती, तिच्याबद्दल मी आधीच सांगायला हवं होतं. ओकच्या मुळांना बुरशीचा शेजार लागतो. बांजच्या जंगलात ठरावीक बुरश्या मुळांवर मोजे घातल्यासारख्या चढतात, त्यांच्या धाग्यांनी झाड पाणी आणि अन्न ओढतं, बदल्यात बुरशीला साखर देतं. आमच्या पिशवीत झाड आलं होतं, शेजार आला नव्हता.

मेअखेर एक उरलं. त्याची कथा वेगळी.

आज्जींची मोरी

ते शेवटचं रोप तळमजल्यावरच्या एका आज्जींनी नेलं. वय ऐंशीच्या पुढे, मूळच्या साखर पेठेतल्या, घरात माग होते तेव्हापासूनच्या. त्यांनी मोरीच्या उत्तरेकडच्या खिडकीत ओलं गोणपाट अंथरून त्यावर पिशवी ठेवली, दिवसातून तीनदा गोणपाट भिजवायच्या. मी बघायला गेलो की चहा व्हायचा आणि चौकशी.

"हे तिकडं डोंगरात लई मोठं होतं का ओ?"

मग मी सांगत बसायचो. कुमाऊँ-गढवालमध्ये बांज म्हणजे नुसतं झाड नव्हे. पानं गुरांना, तीही हिवाळ्यात, जेव्हा दुसरं हिरवं काही नसतं. गळलेली पानं गोठ्यात अंथरायची, मग शेणासकट शेतात. वाळक्या फांद्या चुलीला, खोड नांगराला आणि अवजारांच्या दांड्यांना. आणि पाणी. तिथले लोक मानतात की बांजच्या मुळाशी थंड पाणी असतं. जंगलातला जाड पालापाचोळा पाऊस धरून ठेवतो आणि झऱ्यांना हळूहळू सोडतो, त्यामुळे हे मानणं निव्वळ भाविकपणाचं नाही. इंग्रजांच्या काळापासून राळेसाठी आणि इमारती लाकडासाठी चीड पाइनला झुकतं माप मिळालं. बांज मागे पडला. पाइनच्या सुया गुरं खात नाहीत आणि उन्हाळ्यात त्या भडकतात. १९८० मध्ये चमोली जिल्ह्यातल्या डुंगरी-पैंतोलीत गावातल्या पुरुषांनी बांजचं जंगल तोडायला होकार दिला होता. रस्ता, दवाखाना, शाळा मिळेल म्हणून. बायका आडव्या आल्या आणि जंगल राहिलं.

"म्हणजे आमची बाभळच की," आज्जी म्हणाल्या.

हे मला सुचायला हवं होतं. शेंगा-पाला शेळ्यांना, काटक्या चुलीला, लाकूड नांगराला, बैलगाडीला, साल कातडी कमवायला, डिंक बाळंतिणीला. काळ्या रानातला बांज म्हणजे बाभूळ. फक्त तिचा फोटो कुठला बिल्डर माहितीपत्रकावर छापत नाही.

युरोपातल्या गोष्टी आज्जींना त्यामानाने परक्या वाटल्या, तरी एक-दोन आवडल्या. ग्रीसमधल्या डोडोनाला ओकची पानं सळसळली की त्यातून झ्यूस देव बोलतो असं मानत आणि पुजारी अर्थ लावत. "आपल्या कौल लावण्यासारखं." इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स १६५१ मध्ये लढाई हरून पळाला आणि बॉस्कोबेलच्या ओकवर लपून बसला, म्हणून तिकडे कितीतरी खानावळींचं नाव रॉयल ओक. इंग्रज नौसेनानी नेल्सनच्या व्हिक्टरी जहाजाला सहा हजारांच्या आसपास झाडं लागली, बहुतेक ओक. त्याच आरमाराला पुढे ओक पुरेना, तेव्हा मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानाची जहाजं बांधून दिली. १८१७ चं ट्रिंकोमाली अजूनही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. यावर आज्जींचा मुलगा, ज्याच्या घरात 'ओक फिनिश'चा टीव्ही युनिट आहे, म्हणाला, "म्हणजे आपला सागवान भारी." त्या युनिटवर ओकचा फोटो छापलेला कागद चिकटवला आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. एका सोसायटीत एकच प्रकरण पुरे.

रोपाने मे महिना काढला, जूनही काढला. आणि जुलैच्या झडीत गेलं. मूळ धुऊन बघितलं तर काळं, मऊ, आंबूस वासाचं. गोणपाट पावसातही दिवसातून तीनदा भिजतच होतं. आज्जींचा नेम चुकला नव्हता. हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं. त्यांनीच विचारलं, तेव्हा "पाऊस जास्त झाला" एवढंच म्हणालो.

मायफळ

पिशवी परत घ्यायला गेलो त्या दिवशी आज्जींची नात पहिलं बाळ घेऊन माहेरी आली होती. ओट्यावर सहाण, आणि एका चपट्या डब्यात बाळगुटी: हळकुंड, वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, खारीक. नातीला डॉक्टरांनी सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही असं बजावलं होतं, त्यावरून आजी-नातीत गोड तंटा चालला होता. (डॉक्टर बरोबर आहेत. मी तिथे गप्प बसलो, पण नातीकडे बघून मान हलवली.)

डब्यात एक गोटीएवढं खरबरीत फळ होतं, अंगावर बारीक टेंगळं असलेलं. मायफळ. मी ते उचललं आणि क्षणभर स्वतःवरच चिडलो. दहा महिने हे प्रकरण हाताळतोय आणि हे मला आठवलं नाही!

मायफळ, माजूफळ म्हणा, हे फळ नाहीच. पश्चिम आशियात, तुर्कस्तान, सीरिया, इराण, इराक या भागात एक बुटका ओक वाढतो, क्वेर्कस इन्फेक्टोरिया. एक इवली गांधीलमाशी त्याच्या कळीत अंडं घालते. झाड त्या जागी गाठ तयार करतं, आणि अळी त्या गाठीत राहून तीच खाऊन वाढते. कीटक आत असेपर्यंत गाठ निळसर-हिरवट, जड. तेव्हा काढली तर उत्तम. कीटक भोक पाडून उडून गेला की ती फिकट आणि हलकी होते. आज्जींच्या मायफळाला भोक नव्हतं. "भोकाचं घेऊ नये, असं आमच्या सासूबाई सांगायच्या," त्या म्हणाल्या. का, ते सासूबाईंनाही ठाऊक नसावं. पण भोक नसलेल्यात टॅनिन जास्त. चांगल्या मायफळाच्या वजनात निम्म्याहून जास्त टॅनिनच असतं, त्यामुळेच चव इतकी तुरट.

मी मधल्या मारुतीजवळच्या एका काष्ठौषधीच्या दुकानातून शंभर ग्रॅम मायफळ आणलं. आणि मीटर रूममधली हिराकस.

शेवटची मीटिंग

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मीटिंग झाली. विषय: ओकबाबत अंतिम निर्णय. वळवाच्या वादळात चार सिल्व्हर ओकांचे शेंडे मोडून ते गेले होते. फांदी ठिसूळ, वाऱ्याला टिकत नाही. अठरा उरले होते आणि आता ते बरे दिसत होते. नर्सरीवाल्याशी फोनाफोनी करून सेक्रेटरींनी तोड काढली होती: सुरुवातीला मेलेल्या नवांच्या बदल्यात नऊ कडुनिंब, मोठे, फुकट, आणि बिल दुरुस्त करून. ग्राहक आयोगाचा विषय खजिनदारांनी निकालात काढला. त्यांनी वकिलाची फी आणि ६,४८० रुपये शेजारी शेजारी लिहून दाखवले. उरलेल्या नऊ जागांसाठी मी बहावा आणि करंज सुचवले. बाभूळही सुचवली होती. काट्यांमुळे एकमताने फेटाळली गेली. ते साहजिक आहे.

वाद झाला पाट्यांवरून. चेअरमनचं म्हणणं, अठरांसमोर 'ओक' राहू द्या, कोणाला काय कळतंय. दोघा-तिघांचं म्हणणं, सोसायटीचं नावच बदला. मी म्हटलं, नाव बदलू नका, खरेदीखतापासून लाइटबिलापर्यंत सगळीकडे तेच आहे. आणि ओक या आवारात नाही असंही नाही.

दोन काचेचे पेले घेतले. एकात मायफळाची पूड रात्रभर भिजवून गाळलेलं पाणी, चहासारखं पिवळट. दुसऱ्यात हिराकशीचं फिकट हिरवं पाणी. एकात दुसरं ओतलं. मुलं पुढे सरकली. पिवळं आणि हिरवं मिळून जांभळं झालं, मग बघता बघता काळंभोर. युरोपात हजारावर वर्षं लोक याच शाईने लिहीत होते. तिकडच्या असंख्य जुन्या हस्तलिखितांवरची अक्षरं हीच. आणि हे युरोपापुरतंही नाही. सुताला रंग धरावा म्हणून आधी तुरट टॅनिनमध्ये बुडवायचं, काळा हवा असेल तर लोह घालायचं, ही रंगाऱ्यांची जुनी विद्या. आपल्याकडे त्यासाठी हिरडा जास्त चालायचा. तसा हिरड्यानेही माझा पेला काळाच झाला असता. प्रयोगाने ओक सिद्ध झाला असं कुणी समजू नये. पण साखर पेठेतल्या आज्जींनी पेला नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "हा वास मला ठावं आहे. आमच्या मामांच्या रंगाच्या हौदाचा."

पाट्यांचा ठराव झाला: 'सिल्व्हर ओक, मूळ ऑस्ट्रेलिया'. पेंटर पाटीमागे साठ रुपये मागत होता, पन्नासवर तुटलं.

ठराव इतिवृत्तात लिहायचा तर सेक्रेटरींना हुक्की आली की याच शाईने लिहू. टाक कुणाकडे नव्हता. माळीमामांनी कुंपणाजवळच्या बोरूची काडी कापून आणली, ब्लेडने तिरकी छाटली, टोकाला चीर दिली. एवढी सराईतपणे की विचारलंच. "शाळेत ह्यानंच लिवायचो ओ," ते म्हणाले. गेल्या वर्षीच्या पानावर 'ओक ३६ नग' होतं, त्यावर आडवी रेघ मारून सेक्रेटरींनी वर लिहिलं: 'सिल्व्हर ओक'. शाई तेव्हा कागदावर फिकट करडी दिसत होती, पाण्याने लिहिल्यासारखी. चेअरमन म्हणाले, "सर, हे तर दिसतच नाही."

हवा लागू द्या, मी म्हटलं.

पुढच्या मीटिंगला वही उघडली तेव्हा खोडलेलं 'ओक' बॉलपेनचं निळं होतं आणि त्यावरचं 'सिल्व्हर ओक' काळं कुळकुळीत.